दुसऱ्या प्रयत्नाला तासिका द्या : प्राथमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक
आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी शिक्षक नाही. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारे आणि साचे घडवणाऱ्या विभागात, मी ३४ वर्षे काम केले, डाय (साचे) आणि फिक्स्चर (काम जागेवर पक्के धरणारी साधने) बनवले, नव्याने लागलेल्या पोरांना कानस धरायला शिकवले. आणि निवृत्त झाल्यावर ऐरोलीच्या घरी स्वस्थ बसवेना, म्हणून गेली चार वर्षे जवळच्या एका प्राथमिक शाळेत आठवड्यातल्या दोन दुपारी तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर वस्तू बनवत असतो. शाळेचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण मी जे म्हणणार आहे ते तिच्यापुरते नाही आणि तिथल्या शिक्षकांनी मला जी मोकळीक दिली तिचा जाब त्यांना कोणी विचारू नये. पत्र लिहिण्याचे कारण एकच आहे. आपल्या शाळांत मुलांच्या हातून वस्तू भरपूर होतात. परंतु त्या वस्तूंची आखणी मुले करत नाहीत, आणि फसलेली वस्तू पुन्हा करून पाहण्याची संधी तर त्यांना जवळजवळ कधीच मिळत नाही. ती संधी आपण द्यावी, आणि ती देण्यासाठी नवा शासन निर्णय, नवी प्रयोगशाळा किंवा नवा विषय यांपैकी काहीही लागत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

सध्या काय चालते ते घरातल्याच उदाहरणाने सांगतो. माझी नात दुसरीत असताना तिला जलचक्राची प्रतिकृती करून आणायला सांगितले होते. शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात जलचक्र, सूर्यमाला, ज्वालामुखी आणि ‘आपले मदतनीस’ यांचे तयार संच ओळीने टांगलेले होते. दुकानदाराने फक्त इयत्ता विचारली आणि हवा तो संच बरोबर काढून दिला. त्यातले ढग थर्माकोलचे होते. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, याची मी आठवण करून दिली तेव्हा तो म्हणाला, “काका, ही सजावट नाही, हा अभ्यास आहे.” रात्री अकरा वाजता सुनेने ढग चिकटवले, मी समुद्र रंगवला आणि ज्या मुलीचा हा अभ्यास होता ती केव्हाच झोपली होती. दुसऱ्या दिवशी वहीत ‘छान’ असा शेरा आला, तो सुनेने मला दाखवला आणि म्हणाली, “बाबा, पास झालात.”

यात मी त्या शिक्षिकेला दोष देत नाही. पस्तीस-चाळीस मुलांचा वर्ग, त्यातच सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे आणि भरायच्या माहितीचे तक्ते सांभाळणाऱ्या बाईंनी मुलांना काहीतरी हाताने करायला सांगितले, हेच पुष्कळ झाले. कार्यानुभवाच्या तासिकेतही निराळे घडत नाही. राखीपौर्णिमेला राखी, दिवाळीला आकाशकंदील, एखाद्या दिवशी कागदाची टोपी. फळ्याशेजारी एक नमुना टांगला जातो, मुले तसाच करतात, आणि ज्याचा नमुन्याशी जास्तीत जास्त जुळेल त्याला शाबासकी मिळते. नमुन्याबरहुकूम काम करण्याला माझा विरोध नाही. टूलरूममधले माझे पहिले वर्ष मी दुसरे काहीच केले नव्हते. हात बसण्यासाठी ते लागतेच. प्रश्न एवढाच आहे की वर्षानुवर्षे मूल त्याच पहिल्या पायरीवर उभे असते. ही वस्तू कोणाला हवी आहे, कशासाठी हवी आहे, ती कशाची करावी, किती मोठी करावी आणि ती नीट झाली की नाही हे कसे ओळखावे, हे सगळे प्रश्न नमुना टांगणाऱ्याने आधीच सोडवून टाकलेले असतात. मुलाच्या वाट्याला उरते ती कात्री आणि खळ.

इंग्रजीत ज्याला ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ म्हणतात तो विषय या उरलेल्या प्रश्नांचा आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तो १९९० मध्ये आला, आणि अगदी पाच वर्षांच्या मुलांपासून लागू झाला. त्यात तंत्रज्ञान म्हणजे संगणक असा अर्थ नाही. मूल एखाद्या माणसाची गरज ओळखते, तिच्यासाठी काही आखते, बनवते आणि बनवलेले तपासते, असा तो क्रम आहे. तिथल्या प्राथमिक शिक्षकांनी कामाचे तीन प्रकार मानले आहेत, आणि ते मला फार व्यवहारी वाटतात : आधी आयती वस्तू उघडून पाहायची, मग एखादे छोटे कसब हाताखालून घालायचे, आणि त्यानंतरच स्वतःची वस्तू आखून करायची. आपण बहुधा मधल्याच प्रकाराशी थांबतो.

हे सारे परदेशी आहे असे मानण्याचे मात्र कारण नाही. वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षण परिषद भरली तिने हस्तोद्योग हाच शिक्षणाचा गाभा मानला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे भारदस्त नाव दिले. नावे बदलत गेली आणि वेळापत्रकातला तो चौकोन मात्र आकसत गेला. त्याहून जवळचे उदाहरण आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे बालशिक्षण उभे केले त्यात साधने म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने अशा आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तू होत्या, कारण पाड्यावर महागडी साधने कोण आणून देणार. आणि वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी सहावीच्या मुलांकडून पुस्तके नेण्याची पिशवी, वजन उचलणारी पवनचक्की आणि खेळासाठी बाहुल्या अशा गोष्टी आखून आणि करून घेतल्या, त्याही शहरी मराठी माध्यमाच्या, शहरी इंग्रजी माध्यमाच्या आणि ग्रामीण भागातल्या अशा तिन्ही प्रकारच्या मुलांबरोबर. तेव्हा आपल्या मुलांना हे झेपेल का, ही शंका खाडीच्या अलीकडे राहून घेण्यात फारसा अर्थ नाही.

आता आमच्या वर्गातली एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण माझे सगळे म्हणणे तीत आहे.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै. आमच्या शाळेचा व्हरांडा अरुंद आहे, मुले ओल्या छत्र्या खिडकीच्या गजांना अडकवत, त्यांचे पाणी लादीवर ठिबकत राही, आणि एके सकाळी पहिलीतला एक मुलगा घसरून पडला. लागले थोडेच, पण रडला पुष्कळ. चौथीच्या मुलांना मी विचारले की यावर काही करता येईल का, आणि दहा मिनिटांत छत्र्या ठेवण्याच्या स्टँडची पस्तीस चित्रे तयार झाली. प्रत्येक स्टँड रंगीत होता, बहुतेकांवर फुले होती, मागे डोंगर होते आणि भर पावसाळ्याच्या चित्रात डोंगरांमधून सूर्य उगवत होता. एकाही चित्रात माप नव्हते. मुलांना चित्र काढणे माहीत असते, परंतु चित्राचा उपयोग विचार करण्यासाठी होतो हे त्यांना कोणी दाखवलेले नसते. आरेखन आणि चित्रकला या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे आपण त्यांना फार उशिरा, बहुधा आयटीआयमध्ये किंवा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी सांगतो.

मी म्हटले, वस्तू ज्यांच्यासाठी करायची त्यांना विचारून या. चार मुले पहिलीच्या वर्गात गेली आणि दोन मुली व्हरांडा पुसणाऱ्या मावशींकडे. पहिलीच्या मुलांनी सांगितले की स्टँड लाल हवा. मावशी म्हणाल्या, “छत्र्या तुम्ही कुठं पन ठेवा रे, मला खाली पानी नको.” मुली परत येऊन हे जसेच्या तसे बोलल्या आणि वर्ग क्षणभर गप्प झाला, कारण पस्तीसही चित्रांत छत्री उभी राहण्याची सोय होती आणि पाण्याची एकातही नव्हती. गिऱ्हाइकाला नेमके काय हवे आहे हे कळण्यासाठी आमच्या कारखान्यात बैठकांवर बैठका होत. इथे ते काम एका वाक्यात झाले. त्या दिवसापासून आमच्या वस्तूचे नावच ‘पाणी धरणारा स्टँड’ असे पडले.

मग मापे घेणे आले. दोन गटांनी एकच छत्री मोजली आणि उत्तरांत बरोबर एक सेंटीमीटरचा फरक पडला. भांडण झाले, दोन्ही गटांनी पुन्हा मोजली, फरक तेवढाच राहिला. अखेर एका मुलाच्या लक्षात आले की दुसरा गट पट्टी शून्यापासून न लावता एकपासून लावतो आहे. गणिताच्या पुस्तकातल्या मापनाच्या धड्यात वस्तू पट्टीवर आधीच बरोबर ठेवून छापलेली असते, त्यामुळे ही चूक तिथे होऊच शकत नाही, आणि म्हणून ती सुधारतही नाही.

पहिला स्टँड पुठ्ठ्याचा झाला. तुर्भ्याच्या फळबाजारातून सफरचंदाची रिकामी खोकी कोणीही आणून देते. एका गटाने पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या आडव्या ठेवल्या, दुसऱ्याने उभ्या. आडव्या नळ्यांची भिंत छत्र्यांच्या भाराने दुमडली, उभ्यांची टिकली, आणि मुलांनी हात लावून पाहिल्यावर कारण मला सांगावे लागले नाही. मात्र दुसऱ्या दिवशीच्या मधल्या सुट्टीपर्यंत टिकलेल्या खोक्याचाही लगदा झाला होता. मुले खजील झाली. एकीने विचारले, “आता आम्ही नापास का?” वर्गशिक्षिकांनीही मला बाजूला घेऊन विचारले, “पुठ्ठा भिजणार हे तुम्हाला माहीत होते ना, मग आधीच का नाही सांगितलेत? दोन तासिका गेल्या.” त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर द्यायला मला वेळ लागला. मला माहीत होते हे खरे. पण मी सांगितले असते तर मुलांना फक्त ‘पुठ्ठा वापरू नये’ एवढेच कळले असते. लगदा हातात घेतल्यावर त्यांना दिसले की खोके सगळीकडून सारखे भिजलेले नव्हते. वरचा भाग जवळजवळ कोरडा होता, तळाचे कोपरे आधी गेले होते, कारण पाणी तिथे साचले होते. म्हणजे सुधारणा करायची ती तळाची, हे त्यांचे त्यांनी ठरवले.

दुसरा स्टँड रंगाच्या रिकाम्या, वीस लिटरच्या बादलीचा. ती पाणी धरत होती, पण लांब दांड्याच्या छत्र्या एका बाजूला कलल्या की पालथी होत होती. तेव्हा तळाशी खडी भरली. खडी भरल्यावर पाणी ओतून टाकायचे कसे, हा प्रश्न आला, म्हणून तळाजवळ भोक पाडून नळीचा तुकडा बसवला. भोक पाडायला हातगिरमिट वापरले, बादली दोघांनी धरली, फिरवायचे एकाने, आणि सगळ्यांना दोन दोन फेरे तरी मिळालेच पाहिजेत यावर मुले अडून बसली. घडीच्या छत्र्या बादलीत बुडून जात, त्यांच्यासाठी काठाला तारेचे आकडे लागले. नळीच्या सांध्यातून पाणी झिरपे, ते एम-सीलने बंद केले. बादली रोज कोणी रिकामी करायची याची पाळी लावून ती भिंतीवर टांगली. ती यादी म्हणजे माझ्या मते या संपूर्ण कामातले सर्वांत चांगले मराठी लेखन होते, कारण ती वाचून कोणीतरी खरोखरच काही करणार होते. आणि हो, बादली लाल रंगवली.

एकूण सहा तासिका लागल्या. त्यातल्या पहिल्या तीन फसण्यात गेल्या आणि पुढच्या तीन त्या फसण्याचा उपयोग करण्यात. शाळांत साधारणपणे दुसरा भाग होतच नाही. वस्तू झाली की प्रदर्शनात मांडतात, शेरा देतात, आणि पुढच्या आठवड्यात निराळी वस्तू सुरू होते. जिची मोडली ती मुलगी “मला जमत नाही” एवढाच धडा घेऊन घरी जाते. टूलरूममध्ये पहिला नमुना कधीही बरोबर निघत नसे आणि तो निघेल अशी कोणाची अपेक्षाही नसे. ट्रायल घ्यायची, कुठे घासते ते पाहायचे, पुन्हा उतरवून दुरुस्त करायचे, हाच आमचा धंदा होता. मोठ्या माणसांना पगार देऊन जी मुभा मिळते ती नऊ वर्षांच्या मुलांना का मिळू नये, हे मला समजत नाही.

दुसरी गोष्ट थोडक्यात सांगतो. आमच्या वर्गात दिवा कोळीवाड्यातली एक मुलगी होती, फारशी बोलत नसे. सारख्या रुंदीच्या कागदी पट्ट्या कापायच्या होत्या आणि प्रत्येक जण दर पट्टीला माप घेऊन, रेघ मारून वेळ घालवत होता. हिने जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला, तो कागदावर ठेवून कडेने पेन्सिल ओढली, सरकवला, पुन्हा ओढली. तिच्या पट्ट्या सर्वांच्या आधी आणि सर्वांत सारख्या झाल्या. विचारल्यावर म्हणाली की आजोबा जाळे विणतात तेव्हा प्रत्येक आस (जाळ्याचे भोक) सारखा यावा म्हणून हातात बांबूची पट्टी धरतात. आम्ही टूलरूममध्ये आयुष्यभर गेज, म्हणजे माप ताडून पाहण्याचा ठरीव तुकडा, वापरले. ही कल्पना त्या मुलीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती आणि चार वर्षांच्या शाळेत ती वर आणणारा प्रसंग एकदाही आला नव्हता. ठाणे आणि नवी मुंबईतल्या वर्गांत कोळ्यांची मुले आहेत, गवंड्यांची, सुतारांची, वेल्डिंगच्या दुकानांतली, शिलाईकाम करणाऱ्या आयांची आणि मार्केटमधल्या माथाड्यांची मुले आहेत. हे ज्ञान आपल्या वर्गात रोज येऊन बसते आणि शाळा सुटल्यावर तसेच परत जाते.

यावर कोणी म्हणेल की आमच्याकडे रोबोटिक्स आहे. असेल. मी अशा एका शाळेत पाहुणा म्हणून गेलो होतो. सुंदर पेट्या होत्या, आठ मुलांत एक पेटी, सोबत चित्रांचे पुस्तक. पान एकवर हा भाग लावा, पान दोनवर तो. पाऊण तासाने पाच गाड्या तयार झाल्या, पाचही हुबेहूब सारख्या, आणि पुढच्या तुकडीला पेटी हवी म्हणून दहा मिनिटांत सुट्या करून परत ठेवल्या गेल्या. एकाही मुलाने आपल्या गाडीचे काही बदलले नाही, बदलायला भाग कमी पडले असते. आठांपैकी दोघांचे हात चालत होते, बाकीचे पाहत होते. फळ्याशेजारचा नमुना आणि ही पेटी यांत किमतीखेरीज मला तरी फरक दिसला नाही. मोटार, सेल, सेन्सर या वस्तूंशी माझे वैर नाही. परंतु वर्षभराच्या पेट्यांचे पैसे ठरवताना समितीच्या सदस्यांनी एवढे जरूर विचारावे की यातून मूल स्वतःच्या मनातली कोणती वस्तू करू शकेल. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शाळांत खटपटीसाठी प्रयोगशाळा देणारी केंद्र सरकारची अटल टिंकरिंग लॅबची योजना सहावी ते बारावीसाठी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधले दहा दिवसांचे दप्तराविना शाळेचे दिवसही सहावी ते आठवीसाठी आहेत. पाबळच्या विज्ञान आश्रमाचा मूलभूत तंत्रज्ञानाचा उत्तम अभ्यासक्रम आठवीपासून पुढचा आहे. पहिली ते पाचवीची मुले, ज्यांना दिवसभर काहीतरी खटपट केल्याशिवाय चैन पडत नाही, तीच नेमकी मधल्या मध्ये राहतात, आणि त्यांच्यासाठी कोणी पेटी पाठवणार नाही. ते एका अर्थी चांगलेच आहे.

आपल्याला करता येईल ते असे. कार्यानुभव हा विषय आपल्या वेळापत्रकात आहेच, आणि त्याला संकलित मूल्यमापनाची (सत्राअखेरची) लेखी परीक्षा नाही, सगळे मूल्यमापन आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणारे आहे. म्हणजे काय शिकवले आणि कसे तपासले यात शाळेला भरपूर मोकळीक आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये तर कृती, शोध आणि धांडोळा यांतून शिकणे अपेक्षितच धरले आहे. या तासिका आठवडाभर विखुरलेल्या असतात. त्या जोडून द्याव्यात, कारण पस्तीस मिनिटांत सामान काढणे आणि आवरणे एवढेच होते. आणि एका सत्रात पाच वस्तूंऐवजी दोनच वस्तू कराव्यात, परंतु प्रत्येक दोनदा करावी. नोंदवहीत सध्या ‘कागदकामात आवड दाखवतो’ अशी तयार वाक्ये यादीतून उतरवली जातात, हे आपणही जाणता आणि मीही पाहिले आहे. त्याऐवजी पहिल्या वस्तूत काय फसले आणि दुसरीत त्याने काय बदलले, ही एक ओळ लिहिली तर ती प्रत्येक मुलाची निराळीच येईल, उतरवून काढता येणार नाही. मोडलेली पहिली वस्तू फेकू नये. प्रदर्शनात ती दुसऱ्या वस्तूशेजारी मांडावी, पालकांना आधी ती दाखवावी.

घरी करून आणायच्या प्रतिकृती मात्र बंदच कराव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांतून पालकांच्या ऐपतीची आणि हस्तकौशल्याची परीक्षा होते, आणि दिघ्यापासून घोडबंदरपर्यंत कुठल्याही वर्गात या दोन्ही गोष्टी सर्वांकडे सारख्या नसतात.

हत्यारांबद्दल सर्वांत जास्त भीती असते, म्हणून त्याविषयी थोडे. माझ्या पिशवीत सहा लहान करवती, दोन हातगिरमिटे, चार पक्कडी, काही कानशी, गुण्या, पट्ट्या आणि वस्तू घट्ट धरण्याचे शिकंजे आहेत. हे सगळे मिळून माझे तीन हजार रुपयेही गेले नाहीत. चार वर्षांत एकदा बोट कापले गेले, तेही बोथट कात्रीने, कारण ती चालेना म्हणून मुलाने जोर लावला होता. धार नसलेले हत्यार अधिक धोक्याचे असते, ही गोष्ट स्वयंपाकघरात विळी वापरणाऱ्या कोणत्याही आईला ठाऊक असते. नियम आम्ही थोडेच पाळतो : वस्तू हातात धरून कापायची नाही, शिकंज्यात धरायची, करवत चालवणाऱ्याच्या समोर कोणी उभे राहायचे नाही, एका वेळी चारच मुले हत्यारांच्या बाकावर, बाकीची मोजणी, आरेखन आणि जोडणीला, गरम गोंदाची बंदूक फक्त मोठ्यांच्या हातात. आणि हत्यारांची छाया भिंतीवर रंगवून घेतली आहे, म्हणजे तास संपल्यावर कोणते परत आले नाही ते लांबूनच दिसते. हे मी कारखान्यातून उचलले, आणि शाळेत मुख्याध्यापकांना सर्वांत जास्त हेच आवडले.

माणसे कुठून आणायची, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे आहे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानुसार तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्या बैठकांत गणवेश, पोषण आहार आणि स्वच्छतागृहे यांवर चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण त्याच बैठकीत एकदा विचारून पाहा की कोणाच्या घरी सुतारकाम, शिवणकाम, प्लंबिंग किंवा विणकाम चालते आणि महिन्यातून एक दुपार कोण देऊ शकेल. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्टा या दोन ठिकाणी आयुष्य घालवलेले माझ्यासारखे फिटर, टर्नर, ड्राफ्ट्समन आज कळव्यापासून नेरुळपर्यंतच्या सोसायट्यांत सकाळी बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत असतात. त्यांना कोणी बोलावलेले नाही एवढेच. मात्र बोलावल्यावर त्यांना पहिल्या दिवशीच एक गोष्ट बजावून सांगा, जी मला शिकायला वर्ष लागले : मुलाच्या हातातली वस्तू काढून घेऊन स्वतः नीट करून द्यायची नाही. हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. कसलेल्या कारागिराला याहून अवघड काम नाही. वर्गशिक्षक सोबत हवेतच. वस्तू मला समजते, मूल त्यांना समजते.

शिक्षकांवर आणखी एक ओझे टाकतो आहे का, याचा मी विचार केला. सुरुवातीला ओझे आहे, हे नाकारत नाही. सामान गोळा करावे लागते, वर्ग अस्ताव्यस्त होतो, आवाज होतो, शेजारच्या वर्गातून तक्रार येते. पण आमच्या वर्गशिक्षिकांनी दुसऱ्या सत्रात मापनाचा धडा वेगळा घेतलाच नाही, सूचनालेखनही त्यातच उरकले, आणि मी न जाता त्यांनी स्वतः तिसरीला दप्तर अडकवण्याच्या खुंट्यांचे काम दिले. त्या खुंट्याही पहिल्यांदा निखळल्या, हे त्यांनी मला मोठ्या आनंदाने सांगितले.

तो लाल स्टँड अजून पहिलीच्या वर्गाबाहेर आहे. यंदा तळाची नळी पुन्हा गळते आहे. एम-सील उन्हाळ्यात तडकले असावे. ज्यांनी तो केला ती मुले केव्हाच चौथीतून पुढे गेली, आणि त्यांच्यातल्या दोघांनी मागच्या आठवड्यात मला व्हरांड्यात गाठून सांगितले की या वेळी लेप लावायचा नाही, सांध्याला आतून रबराची चकती बसवायची; मापही त्यांनी घेऊन ठेवले आहे, शून्यापासून. त्यांना एक तासिका हवी आहे, आणि ती कोणाकडे मागायची असे ते मला विचारत होते. मी म्हटले, मुख्याध्यापकांकडे.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम कारागीर
ऐरोली, नवी मुंबई